बिशपला गोड कोण घालतंय

डॉक्टरबाई झिलिन्स्की बिशपचा पुढचा पाय गुडघ्यांत धरून वाकल्या होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या.

"हॉगलंड, खरं खरं सांगा. याला गोड काय घालता?"

"काही नाही."

"सफरचंद?"

"नाही."

"गाजर? ओट? पेपरमिंटच्या गोळ्या?"

"बाई, मी या तट्टाशी बोलतसुद्धा नाही."

हे अगदी खरं होतं. बिशप म्हणजे मार्लिसचं तट्टू. सुटलेलं पोट, कपाळावर पांढरा पट्टा आणि सगळ्यांनी उठून उभं राहावं अशी चाल, म्हणून तिने त्याचं नाव बिशप ठेवलं. चर्चमध्ये ते बऱ्याच जणांना आवडलं नव्हतं, पण मार्लिसला बोलणार कोण? बावीस वर्षं तो तिच्या मागेमागे फिरला. माझ्याकडे मात्र तो, हा माणूस आपल्या घरी किती दिवस राहणार आहे, अशा नजरेने बघायचा. सप्टेंबरात, आमच्या लग्नाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मार्लिस गेली. जायच्या आधी इस्पितळात तिने मला दोन कामं सांगितली. तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची जाळी बदल आणि बिशपकडे लक्ष दे. मी दोन्हींना हो म्हटलं. जाळी दहा मिनिटांत बदलून झाली.

नोव्हेंबरात बिशप लंगडायला लागला. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, सगळा भार मागे टाकून उभा राहायचा. डॉक्टरबाईंनी सांगितलं की तट्टांना गोड बाधतं. जास्त झालं की खुराच्या आत सूज येते. वरून खूर लाकडासारखा टणक, त्यामुळे सूज जाणार कुठे? दारात बोट सापडावं तसं ते चोवीस तास ठणकतं, आणि आमच्या थंडीत दुप्पट ठणकतं.

"हिरवं गवत बंद. धान्य बंद. गोडाचा कणसुद्धा नको," त्या म्हणाल्या. "वाळकं गवत तासभर पाण्यात भिजवा, म्हणजे त्यातली साखर उतरेल. खुराखाली मऊ काहीतरी बांधा. पाय गरम ठेवा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी परत एक्स-रे काढेन. खुरातलं हाड आणखी खाली सरकलं असेल, तर त्याला तसं ठेवण्यात अर्थ नाही. मी काय म्हणते ते कळलं ना?"

कळलं.

त्याच दिवशी मी बिशपला कोठारामागच्या उघड्या अंगणात हलवलं. तिथे गवताची काडी उगवत नाही. चारही बाजूंनी फळ्यांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे फक्त मार्लिसचा खताचा ढीग. इतकी सुरक्षित जागा आमच्या जिल्ह्यात दुसरी नसेल, असं मी शेजारच्या लाइल टोलेफसनला सांगितल्याचंही मला आठवतं.

आता त्या ढिगाबद्दल थोडं सांगायला हवं.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की दारात भांडी येतात. झाकलेली, गरम, बुडाला चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. बटाट्याचं आणि खिम्याचं हॉटडिश, म्हणजे सगळं एकाच भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण, शेवयांचं हॉटडिश, केक, वड्या. आठवड्याच्या आत भांडं धुऊन परत करायचं आणि पदार्थाबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे. न खाल्लेलं अन्न परत करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि तो पहिला माणूस व्हायची माझी इच्छा नव्हती. पण मला खाता येईना. मी टोस्टवर आणि डब्यातल्या सूपवर राहत होतो. म्हणून सकाळी उजाडायच्या आत, शेजारच्या व्हर्नाच्या स्वयंपाकघरातला दिवा लागण्याआधी, मागच्या दाराच्या खिळ्यावरची हाताला लागेल ती टोपी डोक्यात घालून मी भांडं ढिगावर रिकामं करून यायचो. यात मला काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ढीग चाटूनपुसून साफ असायचा. खिम्याचं कावळे नेत असावेत आणि गोडाचं हरणं, असा माझा हिशेब होता. हरणांना केक इतका आवडतो हे मला माहीत नव्हतं.

दोन आठवड्यांनी भांडी थांबतात, असा रिवाज आहे. सगळ्यांची थांबली. व्हर्ना स्कोगलंडचं थांबेना. दर गुरुवारी संध्याकाळी तिचं निळं भांडं हजर. त्यात काकवी, ओट आणि सफरचंद घालून भाजलेल्या वड्या. शनिवारी भांडं न्यायला यायची आणि दारात उभी राहून विचारायची, "कशा झाल्या होत्या?"

"छान."

"ओळखीच्या लागल्या का?"

हा प्रश्न मला समजायचा नाही. मी म्हणायचो, "वेगळ्याच लागल्या. छान वेगळ्या." मग तिचा चेहरा उतरायचा आणि ती भांडं घेऊन जायची.

व्हर्नाचा नवरा जाऊन सात वर्षं झाली आहेत. मी भोळा माणूस नाही. जिल्ह्याचा बर्फ काढायचा ट्रक मी तीस वर्षं चालवला आहे आणि समोरून काय येतंय ते मला लांबून दिसतं. मी तिच्याशी बोलताना दार अर्धंच उघडायला लागलो.

पण बिशपकडे वळतो. गवत भिजवायचं हे ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी मी बाहेर पिंपात भिजवलं. तासाभराने पिंप, पाणी, गवत आणि गवत ढवळायची काठी यांचा एकच दगड झाला. शून्याखाली वीस. मग मी बादली स्वयंपाकघरात आणली. बादली पुरेना. शेवटी न्हाणीघरातला टब. टबात गवत बरोबर मावतं. मात्र माणूस मावत नाही, म्हणून मी आठवड्यातून एकदा लाइलकडे आंघोळीला जायला लागलो. तिसऱ्या आठवड्यात मोरीत काड्या अडकल्या आणि पाणी स्वयंपाकघरापर्यंत आलं. मी गुडघ्यांवर बसून गवत उपसतोय, तेवढ्यात व्हर्ना भांडं घ्यायला आत आली.

ती टबाकडे बघत राहिली. "ऑरिन," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू ठीक आहेस ना?"

"बिशपसाठी आहे."

"बरं," ती म्हणाली, जसं आपण लहान मुलाला म्हणतो तसं. रविवारपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं की हॉगलंड टबात गवत ठेवतो. पुढचे दोन रविवार चर्चमध्ये लोक माझ्याशी जरा सावकाश बोलत होते.

लाइलचं मत वेगळं होतं. जवळपास सगळ्याच बाबतीत त्याचं मत वेगळं असतं.

"अरे, या डॉक्टरांना काय कळतं? थंडीत जनावराला मूठभर ओट लागतात. माझ्या बापाचे घोडे ओटांवर जगले."

"तुझ्या बापाचे घोडे नांगराला होते, लाइल. हा नुसता उभा असतो."

"म्हणूनच दुखतंय त्याचं. जरा ओट खाल्ले असते तर हलला असता."

मी त्याच दिवशी त्याचं नाव मनातल्या यादीत पहिलं लिहिलं.

खुराखाली मऊ बांधायला आम्ही छपराला लावतात तो जाड फोम खुराच्या आकाराचा कापला आणि रुपेरी चिकटपट्टीने गुंडाळला. आमचा नालबंद येऊन बघून गेला आणि म्हणाला, काम चांगलं आहे, पण हे तट्टू आहे की पार्सल? पाय गरम ठेवायचा प्रश्न राहिला. मार्लिसच्या विणकामाच्या टोपलीत जांभळ्या लोकरीचे चार लांब मोजे सापडले. दोन पुरे, दोन अर्धे. कुणासाठी विणायला घेतले होते देव जाणे. माझ्या पायाचे नव्हते. बिशपच्या पायात पुरे दोन बरोबर बसले. अर्धे दोन मी तसेच गाठ मारून मागच्या पायांत घातले. लाइल बघून म्हणाला, "माझ्यापेक्षा याचे मोजे चांगले आहेत."

एवढं करूनही जानेवारीत डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि मान हलवली.

"साखर वर आहे, हॉगलंड. खूप वर. हे वाळक्या गवताचं काम नाही. कुणीतरी याला गोड घालतंय."

"कोण?"

"ते मला कसं ठाऊक असणार? पण हे असंच चाललं, तर मार्चमध्ये एक्स-रे काढायचीसुद्धा गरज पडणार नाही."

त्या गेल्यावर मी कोठारात जाऊन बिशपसमोर उभा राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. दोघांनाही एकमेकांचा संशय होता. मग मी वाकून त्याच्या नाकपुड्यांचा वास घेतला.

आलं. स्वच्छ आल्याचा वास. मिशांवर तपकिरी, चिकट कण.

मार्लिस सोडली तर आमच्या भागात आलं इतकं कुणी घालत नाही. आमच्या भागात मिरीसुद्धा लोक पाहुणे आले तरच काढतात. इतकं आलं फक्त एका घरून येत होतं, ते निळ्या भांड्यात येत होतं, आणि त्या भांड्याचा वास मी दर शुक्रवारी सकाळी घेत होतो. मी मनातल्या यादीतून लाइलचं नाव खोडलं आणि व्हर्नाचं लिहिलं. आता सगळं जुळत होतं. दर शनिवारी भांडं न्यायचं निमित्त, इकडेतिकडे बघणं, "ओळखीच्या लागल्या का" हा विचित्र प्रश्न. माझ्यापाशी काही चालत नाही म्हणून बाईने तट्टाला वश करायला घेतलं होतं.

आरोप करण्याआधी माणसाने इशारा द्यावा. मी एक पाटी रंगवली: "तट्टाला काही घालू नका. हुकमावरून." रस्त्याच्या कडेला ठोकली. तीन दिवसांनी जिल्हा कार्यालयातून पत्र आलं की रस्त्याच्या हद्दीत पाटी लावायला परवाना लागतो. मी त्या कार्यालयात तीस वर्षं नोकरी केली आहे. मी गेलो तर खिडकीत बसलेली मुलगी मला ओळखेना.

"पाटी धंद्यासाठी आहे का?"

"नाही. तट्टासाठी आहे."

"तट्टाचा धंदा आहे का?"

"तट्टाला काही धंदा नाही, म्हणून तर हे सगळं होतंय."

तिने मला चार पानांचा अर्ज दिला. त्यात जागेचा नकाशा, पाटीची उंची आणि "पाटीवर नमूद 'हुकूम' कोणत्या अधिकाऱ्याचा?" असा प्रश्न होता. मी बराच विचार करून "मार्लिस हॉगलंड" असं लिहिलं. परवाना मिळायला सहा आठवडे लागतात, असं कळलं. तोवर जिल्ह्याच्या ट्रकाने बर्फ ढकलता ढकलता पाटी ओढ्यात नेऊन टाकली होती. मी ट्रकवाल्याला बोलू शकलो नाही, कारण विनापरवाना पाट्या अशाच उडवायच्या हे त्याला मीच शिकवलं होतं.

राहिला पुरावा. लाइलकडे हरणांच्या शिकारीचा कॅमेरा होता, झाडाला बांधायचा. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. लाइलने तो कुंपणाच्या खांबाला, रस्त्याकडच्या फाटकावर रोखून बांधून दिला. "चोर येईल तर इथूनच येईल," तो म्हणाला. पहिल्या आठवड्यात कॅमेऱ्याने बिशपच्या कानाचे एकशे चाळीस फोटो काढले. दुसऱ्या आठवड्यात, फेब्रुवारीच्या मध्याला, मला चोर सापडला.

कॅमेऱ्याचा पडदा काडेपेटीएवढा आणि पहाटेचा फोटो काळापांढरा. चष्मा मी घरी विसरलो होतो. पण दिसायचं ते दिसलं. बर्फात वाकलेली, पाठमोरी आकृती. डोक्यावर गोंडा असलेली बाईमाणसाची टोपी. हातात तिरकं धरलेलं भांडं. आणि फळ्यांमधून मान काढून खाणारा बिशप. भांड्याचा आकार मी कुठेही ओळखला असता. व्हर्नाचं होतं.

मी फोटो ग्रंथालयात नेऊन मोठा छापून घेतला. तिथल्या बाईंनी तो पाकिटात घालून दिला. पाकीट मी उघडलं नाही. पुरावा असा सगळ्यांसमोरच उघडावा.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. सगळे बसले होते. व्हर्ना कप मांडत होती. मी उभा राहिलो आणि चमचा कपावर वाजवला.

"मला कुणाचं नाव घ्यायचं नाही," मी म्हणालो आणि व्हर्नाकडे बघितलं. "पण माझ्या बायकोच्या तट्टाला कुणीतरी गोड घालून मारतंय. त्याचा फोटो माझ्याकडे आहे. त्या व्यक्तीने आपणहून पुढे यावं. मी दहापर्यंत मोजतो."

"बस रे, कॉफी गार होतेय," लाइल म्हणाला.

मी मोजलं. कुणी उठलं नाही. व्हर्नाच्या चेहऱ्यावर अपराधाची रेघसुद्धा नव्हती आणि मला तिच्या निर्ढावलेपणाचं आश्चर्य वाटलं. मी पाकीट फाडलं आणि फोटो लाइलच्या हातात दिला, कारण चष्मा पुन्हा घरीच राहिला होता.

लाइलने फोटो जवळ धरला. लांब धरला. मग माझ्याकडे बघितलं.

"ऑरिन, हा गोंडा मार्लिसचा ना?"

"काय?"

"टोपी. मार्लिसची आहे ही. गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची जत्रा भरते ना, तिथे घालायची. आणि ही पाठ तर तुझी. तीस वर्षं ट्रकात बसून झालेली. अशी पाठ जिल्ह्यात दुसरी नाही."

फोटो टेबलावरून टेबलावर गेला. लोक फोटोकडे बघत, मग माझ्या पाठीकडे. कुणीतरी मला जरा वळायलासुद्धा सांगितलं. मला आपलं वाटत होतं की काही चूक झाली आहे, कॅमेरा फाटकाकडे होता. नंतर बघितलं तर बिशपने खांबाला मान घासून घासून कॅमेरा पार ढिगाकडे फिरवला होता. कुंपणाची खालची फळीही त्यानेच सैल केली होती. हरणं बिचारी कधी आलीच नव्हती.

फोटो शेवटी व्हर्नाकडे पोचला. तिने टोपी बघितली नाही, पाठ बघितली नाही.

"हे माझं भांडं आहे."

"हो."

"आणि वड्या..."

मी फाटलेल्या पाकिटाची कड दुमडायला लागलो.

"सगळ्या?"

"हो, व्हर्ना."

"पहिल्या गुरुवारपासून?"

"हो."

"आणि मला दर वेळी म्हणालास, छान झाल्या होत्या."

"तू विचारत होतीस."

लाइल हसायला लागला, मग व्हर्नाचं तोंड बघून थांबला. व्हर्नाने कोट घातला आणि ती निघून गेली. कप अर्धेच मांडलेले राहिले.

मी घरी येऊन ढीग उपसला. गोठलेला होता, पहारीने फोडावा लागला. सगळा उपसून पार ओढ्यापलीकडे टाकला आणि कुंपणाला खालून वर नव्या फळ्या ठोकल्या. बिशप सगळा वेळ जांभळे मोजे घालून उभा होता आणि बघत होता. मार्लिसने सांगितलेल्या दोन कामांपैकी एक काम मी नोव्हेंबरपासून, दर शुक्रवारी सकाळी, टोपी घालून मोडत आलो होतो. तेही तिची टोपी घालून. एक्स-रेला अडीच आठवडे उरले होते. मी त्याला म्हणालो, "माफ कर." त्याच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. त्याने तोंड फिरवलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

गुरुवारी संध्याकाळी दार वाजलं. निळं भांडं. मागे व्हर्ना.

"व्हर्ना, मी..."

"सरक." ती आत आली, खुर्ची ओढून बसली आणि भांडं माझ्यासमोर ठेवलं. "खा."

"नंतर खातो."

"आत्ता. माझ्यासमोर. तुझ्यावर माझा काडीचा विश्वास नाही."

मी वडी उचलली. चावली. आणि तशीच तोंडात धरून बसलो.

व्हर्नाने पर्समधून एक जुनं, तेलकट कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावरचं अक्षर मला वाचायची गरज नव्हती, चष्मा असता तरी.

"ऑगस्टमध्ये मार्लिसने मला दिलं," व्हर्ना म्हणाली. "म्हणाली, ऑरिन काही खाणार नाही, हे मात्र खाईल. दर गुरुवारी कर. त्याला सांगू नकोस, त्याचं त्याला कळेल. आलं दोन मोठे चमचे लिहिलंय बघ. मला वाटलं चुकून लिहिलं असेल. तरी तेवढंच घातलं. आणि तू म्हणतोस 'वेगळ्याच लागल्या'! मला वाटलं, माझ्या हातून बिघडतंय. पाच महिने मी ओव्हनला शिव्या देतेय."

मी दुसरी खाल्ली. मग तिसरी. चौथीला व्हर्नाने भांडं ओढून घेतलं. "पुरे आता. त्या तट्टासारखं लंगडायला लागशील."

त्यानंतर ती दर गुरुवारी येऊन बसते. भांडं मी तिच्या नजरेसमोर धुतो. लाइलने कॅमेरा परत नेला नाही. मी पुन्हा कुठे भांडं रिकामं करतोय का हे बघायला तो त्याने ओढ्याकडे रोखून ठेवला आहे आणि रविवारी फोटो तपासतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरबाई आल्या. एक्स-रे काढला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मी कोठाराच्या दाराला धरून उभा होतो. मोजत नव्हतो, पण दहाच्या वर नक्की गेलं असेल.

"हाड सरकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "रक्तातली साखरही उतरलीय. गोड बंद झालं म्हणजे. कोण होतं?"

"सापडला."

"चांगला झापलात ना त्याला?"

"चर्चमध्ये. सगळ्यांदेखत."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या, आणि पायांची पट्टी काढून निघून गेल्या.

मी बिशपला अंगणात सोडलं. तो आधी जुन्या ढिगाच्या बाजूच्या कुंपणापाशी गेला, पाय सावकाश टाकत, पण चारही पायांवर. नव्या फळ्या हुंगल्या. मग वळून माझ्याकडे बघितलं. गुरुवारची एक वडी माझ्या कोटाच्या खिशात होती. त्याला वास आला असणार. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो अंगण ओलांडून माझ्याकडे चालत आला, जांभळे मोजे चिखलात बुडवत, आणि त्याने खिशात नाक खुपसलं.

"नाही," मी म्हणालो. वडी काढली आणि त्याच्यासमोर उभा राहून सगळी खाल्ली. बोटंही चाटली, म्हणजे त्याला काही उरायला नको. तो शेवटपर्यंत बघत होता, आणि हलला नाही.

आलं जास्त झालं होतं. चव्वेचाळीस वर्षं जास्तच होतं.